सातवा खडा

मागच्या वर्षी गणपती गेले आणि मी भात सोडला. भात म्हणजे नुसता भात नाही, चपाती, भाकरी, पोहे, साबुदाणा, सगळंच. कोल्हापुरात राहून हे करणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रविवारी घरात मटण, समोर तांबडा-पांढरा, आणि मी वाटी तोंडाला लावून नुसता रस्सा पितोय, बाजूला काकडीच्या चार चकत्या. बायको दोन आठवडे काही बोलली नाही, तिसऱ्या रविवारी एवढंच म्हणाली, "आजारी माणसासारखं बसू नका हो पानावर."

कारणं दोन होती, एक रिपोर्ट आणि एक अण्णा. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ५.९ आलेला. ५.७ च्या खाली असलं तर ठीक, ६.५ ला डायबेटिस, आणि मधल्या पट्ट्यात असलात तर डॉक्टर चष्म्यावरून बघतात. अण्णांना, म्हणजे वडलांना, पंचेचाळिशीत शुगर निघाली होती आणि रिपोर्ट आला तेव्हा मी चव्वेचाळीसचा. आमच्या घरात गुळाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असायचा, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचायचा नाही असा, आणि तो आम्हा पोरांपासून लांब नव्हता ठेवलेला, अण्णांपासून ठेवलेला होता. आई दुपारी झोपली की स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. त्यामुळं गोड म्हणजे चोरून खायची गोष्ट आणि नंतर तिची शिक्षा, हे गणित माझ्या डोक्यात लहानपणापासूनच पक्कं बसलेलं.

पळायला लागून मला चार वर्षं झाली. रनर वगैरे म्हणवून घ्यायची लाज वाटते खरं तर, रंकाळ्यावर सकाळी पाच-सहा किलोमीटर, किलोमीटरला सात मिनिटं, कधी सव्वासात, शेवटी संध्यामठाच्या बाजूला उभं राहून गप्पा, आणि त्या गप्पाच पळण्यापेक्षा जास्त वेळ चालतात. त्याच गप्पांत आमच्या ग्रुपमधल्या एकानं कीटोचं, म्हणजे भात-भाकरी-साखर बंद करून चरबीवर चालायचं, खूळ घातलं. त्याचं म्हणणं साधं होतं, अंगावर एवढी चरबी घेऊन फिरतोयस ती जाळ की, कशाला वर भात टाकतोयस. ऐकायला बिनतोड वाटतं. आणि पहिल्या आठवड्यात माझं वजन अडीच किलो उतरलं, मग काय, मी तर बॅटरी टाकलेल्या खेळण्यासारखा सगळ्यांना सांगत सुटलो.

ते अडीच किलो काय होतं ते नंतर कळलं. आपण खाल्लेला भात-भाकरी शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत मिळून ४०० च्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात बंद केला की साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. म्हणजे मी ज्याचे पेढे वाटत होतो (शुगर-फ्री) ते बरंचसं मुतून टाकलेलं पाणी होतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, रोजच्या पळण्यावर काही म्हणजे काही फरक पडला नाही. पाच-सहा किलोमीटर पहिल्यासारखेच व्हायचे, पहिला पंधरवडा सोडला तर पाय जडही वाटले नाहीत. त्यामुळंच माझा विश्वास बसला आणि त्यामुळंच पुढचं घडलं.

डिसेंबरात एका हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती आणि मी ठरवलं की लाँग रन २४ किलोमीटरचा करायचा, एकटाच. शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा, केर्ली, जोतिबाच्या घाटात थोडं चढायचं आणि परत. आदल्या रात्री अंडी आणि पालक. पहाटे साडेपाचला काळा चहा, कंबरेला मीठ घातलेलं लिंबूपाणी, साखर नाही. पुलावर पंचगंगेवरचं धुकं असं दाट की पलीकडून येणाऱ्या दूधवाल्याचा फक्त आवाज येत होता. जाताना मजेत गेलो. घाटात चढलो, घड्याळात १२ किलोमीटर झाल्यावर वळलो, उतरताना गाणंही म्हटलं थोडं.

सतराव्या किलोमीटरला पाय जड झाले. हे होतं नेहमी, त्यात विशेष नाही. विशेष हे की थोड्या वेळानं डोकं जड झालं. चोवीसातून अठरा गेले तर किती राहतात हे मला येईना. मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे हिशेब करणारा माणूस, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून बोटं मोजतोय. गार घाम, बोटं थरथरतायत, एका कुत्र्यावर विनाकारण ओरडलो, आणि मग उसानं भरलेली ट्रॉली शेजारून गेली तिच्याकडं बघून डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते आजही सांगता यायचं नाही. पळणाऱ्यांच्या भाषेत याला भिंतीला धडकणं म्हणतात, मला तर भिंत दिसलीच नाही, जमीनच मऊ झाल्यासारखी वाटत होती.

रस्त्यापासून थोडं आत एक गुऱ्हाळ चालू होतं, वासावर गेलो तिकडं. काहिलीत रस रटरटत होता, वाफ छपरापर्यंत, चुलवाणात एक पोरगा चिपाडं सारत होता. बाजूच्या पोत्यावर मी बसलोच, विचारलंही नाही कुणाला. एक म्हातारबाबा आले.

"काय पावणं, चक्कर आली काय?"

मी मान हलवली.

"सकाळधरनं खाल्लंय काय काही?"

"नाही."

"मग पळाय कशाला आलायसा उपाशी? बैल बी उपाशी न्हाई जुपत आमी."

आणि वाफ्यातला, म्हणजे गूळ निवायला ओततात त्यातला, कोमट गूळ, उलथण्यानं काढलेला मोठा गोळा, उसाच्या पाल्यावर ठेवून माझ्या हातात दिला, वर तांब्याभर पाणी. मी किती खाल्ला मला माहीत नाही. एवढं आठवतंय की तीन महिन्यांनी गोड जिभेवर आलं आणि पहिला विचार मनात आला तो अण्णांच्या स्टुलाचा.

दहा-बारा मिनिटांत डोकं जाग्यावर आलं. सहा राहिलेत, सहा! किती सोपं होतं. पण पाय नाही आले जाग्यावर. उठून पळायला गेलो तर मांड्या दुसऱ्याच कुणाच्या तरी असल्यासारख्या, शेवटी फाट्यापर्यंत चालत आलो आणि तिथनं केएमटीची बस पकडून घरी. घामेजलेला, हातात गुळाची पुडी, कंडक्टरनं तिकीट थोडं लांबूनच दिलं.

डोकं आलं आणि पाय आले नाहीत, हे माझ्या मनात अडकून राहिलं. त्याच्यामागं लागून मी महिना-दोन महिने वाचत सुटलो, रात्री हिशेबाची कामं बाजूला सारून. आणि मला वाटतं सगळा विषय त्या एका वाक्यात आहे.

कारण साठे दोन आहेत आणि त्यांचे धर्म वेगळे. लिव्हरमधला साठा सगळ्या गावाचा, रक्तात साखर सोडत राहायचं काम त्याचं, आणि मेंदूला एकट्याला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं, झोपेतसुद्धा. त्यामुळं रात्रभरात हा साठा बराच उतरतो. स्नायूंतला साठा मात्र ज्याचा त्याचा. एका स्नायूतलं ग्लायकोजेन दुसऱ्याला उसनं मिळत नाही, ते रक्तात परत सोडायला लागणारं एन्झाइमच स्नायूत नसतं. दंडात शिल्लक असली तरी पोटरीला उपयोग नाही. गूळ खाल्ला तो रक्तात गेला, मेंदूला मिळाला, डोकं आलं. पण मांडीतलं जे तास-दोन तासांत जळून गेलं होतं, आणि तीन महिने मी ते पुरतं भरूच दिलं नव्हतं, ते दहा मिनिटांत कुठनं भरणार?

हे कळायला लोकांनी काय काय केलंय ते वाचून मी गार पडलो. १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉनला तिथल्या डॉक्टरांनी पळून आलेल्या लोकांचं रक्त तपासलं, तर जे पांढरेफटक पडले होते, गोंधळले होते, त्यांची साखर खाली गेलेली. पुढच्या वर्षी त्यांनी त्यातल्या काही जणांना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय खायला घातलं आणि पळताना गोळ्या चघळायला दिल्या, साध्या गोड गोळ्या. तो त्रास झाला नाही. म्हणजे म्हातारबाबांनी मला जे सांगितलं ते बोस्टनला शंभर वर्षांपूर्वी रक्त काढून सिद्ध झालेलं.

पण माझी आवडती गोष्ट स्वीडनची. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन, दोघंही संशोधक, १९६६ साली दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. एका सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारायचं, दुसरा पाय आराम. दमेपर्यंत. मग तीन दिवस भरपूर कार्ब्ज, म्हणजे पिष्टमय आणि गोड, खायचे आणि दोन्ही मांड्यांत सुई घालून मांसाचा बारीक तुकडा काढून बघायचा. ज्या पायानं काम केलं त्याचा साठा पहिल्यांदा रिकामा झाला आणि नंतर आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट भरला. माणूस एक, जेवण तेच, रक्त तेच, पण ज्यानं काम केलं त्या पायानं ओढून घेतलं. कार्ब लोडिंग म्हणून जे आज प्रत्येक रनिंग ग्रुपवर फिरत असतं त्याचं मूळ हे आहे. मला सुईपेक्षा तो दुसरा, आराम केलेला पाय डोळ्यासमोर दिसत राहतो, कारण तो माझा ऑफिसातला पाय आहे. दिवसभर टेबलाखाली लोंबकळणारा.

मग माझ्या कीटोवाल्या मित्राचं काय? तो चूक होता का? पूर्ण नाही. माझं वजन ६८ किलो, साधारण किलोला किलोमीटरमागं एक कॅलरी धरली तर २४ किलोमीटरला सोळाशेच्या वर जातात. ग्लायकोजेनचा साठा पूर्ण भरलेला असला तरी दोन हजार कॅलरींच्या आसपास. आणि अंगावरची चरबी, माझ्यासारख्या मध्यम पोटाच्या माणसाचीसुद्धा, लाखाच्या घरात. कागदावर चरबीच जिंकते. पण त्या गुऱ्हाळावर बसून चुलवाणाकडं बघताना जे दिसलं ते कागदावर नसतं, मोठा ओंडका तास न् तास धुमसतो, पण काहिलीला उकळी आणायची तर वाळली चिपाडं सारावी लागतात. हळू पळालं की चरबीचा वाटा मोठा, वेग वाढवला की शरीर कार्ब्जकडं वळतं, कारण तेवढ्या घाईनं चरबी जाळता येत नाही. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये कार्ब्ज थोडी जास्त ऊर्जा देतात, लिटरला पाच कॅलरींच्या जरा वर, चरबी ४.७ च्या आसपास. घाटात धाप लागलेली असताना हा फरक लहान नाही.

सरावानं शरीर जास्त चरबी जाळायला शिकतं हे खरंय, तसं मोजलेलंही आहे, महिनोन् महिने कमी कार्ब्ज खाणारे अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब, पळणारे इतरांच्या दुपटीहून जास्त वेगानं चरबी जाळतात असं २०१६ साली आलं. पण जास्त चरबी जाळणं आणि जास्त जोरात पळणं या एकच गोष्टी नव्हेत, इथं माझी गल्लत झाली होती. ऑस्ट्रेलियात संशोधक लुईस बर्क यांनी २०१७ साली रेसवॉकर्सवर, म्हणजे चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर, केलेलं काम आहे, तगडे, आंतरराष्ट्रीय दर्जाचे खेळाडू, तीन आठवडे एका गटाला जवळजवळ कार्ब्ज नाहीत. त्यांची चरबी जाळायची क्षमता जबरदस्त वाढली. आणि तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला. भरपूर कार्ब्ज खाल्लेल्या गटाचं १० किलोमीटरचं टायमिंग सुधारलं, यांचं नाही. उलट बाजूला दक्षिण आफ्रिकेचे व्यायामशास्त्रज्ञ टिम नोक्स, आयुष्यभर पळणाऱ्यांना कार्ब्ज खा सांगितलं आणि मग पलटले, माझ्याच पुस्तकातली ती पानं फाडून टाका म्हणाले. त्यांना स्वतःला डायबेटिस. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्याही घरात गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला असणार.

आता गूळ. पळताना खायची जेल नावाची जी पाकिटं मिळतात, एकात वीस-पंचवीस ग्रॅम कार्ब्ज असतात आणि किंमत बघितली की एखादा किलो गूळ येईल. आतड्यात ग्लुकोजला आत घ्यायचं दार वेगळं आणि फ्रुक्टोजचं वेगळं, ग्लुकोजच्या दारातनं तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं, म्हणून लांब पळणाऱ्यांसाठी दोन्ही मिसळून देतात. आणि गूळ म्हणजे बहुतेक सगळी सुक्रोज, निम्मं ग्लुकोज निम्मं फ्रुक्टोज, दोन्ही दारांतनं जाणारा. हे वाचलं त्या रात्री मी एकटाच हसलो. अख्ख्या जगात नाव असलेल्या गुळाच्या गावात राहून मी ऑनलाइन जेल मागवत होतो. लगेच गुळात औषधी गुण वगैरे सांगणारे मेसेज फॉरवर्ड करू नका मात्र, रक्ताच्या दृष्टीनं तो साखरच आहे, अण्णांसाठी दोन्ही सारखेच.

त्रासही आहेत गुळाचे. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजतो, बोटं चिकट होतात, पाण्याशिवाय खाल्ला तर घशाला बसतो. एकदा शेंगदाण्याची चिक्की नेऊन बघितली, दाण्यातल्या तेलानं पोटात दगड झाला. एकदा पळायच्या पाऊण तास आधी राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले तर सुरुवातीलाच हातपाय गळाल्यासारखे, काही लोकांना होतं तसं, खाल्ल्यावर इन्सुलिन चढलेलं असतं आणि त्याच वेळी पायही साखर ओढायला लागतात. आता एक तर दोन-तीन तास आधी खातो, नाहीतर सरळ पहिलं पाऊल टाकताना.

आणि रोजच्या पाच-सहा किलोमीटरला काहीही घेत नाही. हे लिहिताना मला आमचाच ग्रुप दिसतोय, चाळीस मिनिटं पळून आल्यावर "रिकव्हरी" म्हणून मिसळ, पावाच्या लाद्या, कट मागून मागून, वर ताक. सहा किलोमीटरला माझ्या जेमतेम चारशे कॅलरी जळतात. मिसळ खावी, मी खातो, मिसळीला कारण लागत नाही, पण तिला रिकव्हरी म्हणू नये एवढंच. गंगावेशीतले पैलवान सकाळी दूध, बदाम, थंडाई एवढं का पितात हे बघायचं तर त्याआधी जोर-बैठका किती मारल्या तेही मोजायला लागतं. आमच्या आजोबांचं ताट आम्ही तसंच ठेवलं, फक्त आजोबांची शेतं नाहीत आता.

अण्णांना हे सगळं मी सांगत बसतो जेवताना. त्यांना आवडतं ऐकायला, चौऱ्याहत्तर वय, चाळीस टक्के ऐकू येतं पण शुगरचा विषय निघाला की शंभर टक्के. स्नायू आकसायला लागले की पेशीतली ग्लुकोज ओढून घेणारी दारं इन्सुलिनची वाट न बघता वर येतात, हे मी त्यांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे शतपावली." म्हटलं होय, शतपावलीच. मग आम्ही बघितलं, तोच एक वाटी भात, एक दिवस जेवून नुसतं बसले, एक दिवस गल्लीत पंधरा मिनिटं फिरून आले, मशीनवर चाळीसेक पॉइंटचा फरक. एका घरातल्या दोन दिवसांना प्रयोग म्हणत नाहीत, पण त्या दिवसापासून ते कुणी न सांगता चप्पल घालतात. (गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं पळायचं-फिरायचं वाढवताना डॉक्टरला विचारायला पाहिजे, साखर एकदम खालीही जाते, अण्णांचीही एक गोळी कमी करायला लागली.) माझं एचबीएवनसी परत तपासलं, ५.८. भात सोडून आणि परत धरून एवढाच फरक. भात आता मी पळण्याच्या हिशेबानं वाढून घेतो, शुक्रवार-शनिवारी डोंगर आणि मधल्या दिवसांत टेकडी.

तोंडात धरायची गोष्टही त्यांना सांगितली होती, तीच नडली. इंग्लंडमध्ये २००४ साली सायकलवाल्यांवर केलेलं होतं, तासाभराच्या जोरकस सायकलिंगमध्ये कार्ब्जचं पाणी नुसतं तोंडात घोळवून थुंकून टाकायचं, गिळायचं नाही, तरी तीनेक टक्क्यांनी टायमिंग सुधारलं. पोटात काहीच गेलेलं नाही, जिभेला कळलं आणि मेंदूनं पायांना मोकळीक दिली असं काहीतरी. अण्णा बराच वेळ गप्प बसले होते त्यावर.

गेल्या शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी परत जोतिबाच्या वाटेचा लाँग रन. गूळ फोडायचं काम आता अण्णांकडं असतं, त्यांनी मागूनच घेतलंय. त्यांचा डाएटसाठी आणलेला छोटा काटा, बत्ता, कागदाचे चौकोन. दहा-दहा ग्रॅमचे खडे करायचे, पुड्या बांधायच्या. तीस वर्षं ज्या माणसाला घरातल्या सगळ्यांनी गुळापासून लांब ठेवलं तो रात्री दहा वाजता चष्मा लावून गूळ तोलतोय, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतीय.

मी पुड्या पट्ट्यात भरायला घेतल्या. सहाच होत्या.

"अण्णा, सात सांगितले होते की तुम्हाला."

"सात केले की."

"मग सातवा कुठाय?"

त्यांनी काटा पुसला, शून्यावर आला का बघितला.

"थुकला मी," म्हणाले. "तूच म्हणालास न्हवं, नुसता तोंडात धरला तरी चालतोय म्हणून."